एकेचाळीस गैरहजर

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी अकरा. पालघर, बैठकीची खोली.

हजर: साहेब (कक्षप्रमुख). मी (समन्वयक; इतिवृत्त लिहिणार). रूपाली (पडद्यावरची नोंदणी). अंकित (फीड पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, पुण्याहून व्हिडिओवर). का. ज. पागधरे (कंत्राटी, किनारा संपर्क).

गैरहजर: कोणी नाही.

इतिवृत्ताची सुरुवात मी नेहमी अशीच करते, आणि बैठक सुरू होण्याआधी तेवढा भाग वाचून दाखवते. त्या दिवशी वाचून झालं तेव्हा पागधरेकाकांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मॅडम, गैरहजर हाय की. एकेचाळीस."

साहेब म्हणाले, "पागधरे, विनोद नंतर."

"इनोद नाय, साहेब. एकेचाळीस जणांनी हाक मारली आनि ती हितं पोचली नाय. मग ते गैरहजरच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून कागद सरळ केले. "गैरहजर: कोणी नाही" ही ओळ तशीच राहिली. आजही फाइलमध्ये ती तशीच आहे, खाली माझी सही आहे.

काशिनाथ जनू पागधरे. गाव चिंचणी. वय सांगायची वेळ आली की "कागदावर बासष्ट" म्हणायचे. आमच्याकडे येण्याआधी ते गावच्या मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर बसत. किती वर्षं ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. दर्यात गेलेल्या बोटींशी बोलायचं, त्यांचे निरोप घ्यायचे, किनाऱ्यावर पोचवायचे, एवढंच काम. पुढे प्रत्येक बोटीवर मोबाइल आले, वायरलेसच्या खोलीला कुलूप लागलं आणि काका रिकामे झाले. आमच्या कक्षाला किनाऱ्यावरची गावं ओळखणारा माणूस हवा होता. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ते आले. तीनदा अकरा महिने झाले.

आमचा कक्ष म्हणजे स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. बोईसर-तारापूरकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून हवा-पाण्याच्या ज्या तक्रारी येतात त्या नोंदवायच्या, एवढ्यासाठी तो काढलेला. आधी फोन होता आणि जाड वही होती. मग फीड आलं. लोकांनी मोबाइलवरून समाजमाध्यमांवर जे टाकलं असेल, म्हणजे हवेला वास, नाल्याला रंग, खाडीत मेलेले मासे, त्यातलं आमच्या भागापुरतं वेचून त्याच मिनिटाला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. ओळ दिसली की तिला आपोआप क्रमांक पडे. क्रमांक पडला की पाण्याचे नमुने घेणारं पथक गाडी काढी. फोन आणि वही बंद झाली. क्रमांक नाही तर पथक नाही. पारदर्शक कारभार, असं साहेब पाहुण्यांना सांगत.

काकांचं काम गावोगाव फोन करून लोकांना सांगायचं: तक्रार इथं टाका, अशी टाका, गावाचं नाव घाला.

हे काम ते वायरलेससारखंच करत. त्यांना काहीही सांगितलं की ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवत आणि शेवटी "ऐकलं" म्हणत. चहाच्या बाबतीतही. "तीन चहा, एक बिनसाखरेचा, तो साहेबांचा, एक कमी दुधाचा, तो मॅडमचा, एक रूपालीचा नेहमीचा. ऐकलं." मग टपरीवर उभं राहून तेच सगळं पुन्हा. एकदा टपरीवाल्याने हसून "समझ गया चाचा, तीन चाय" म्हटलं. काका त्याच्यावर उखडले. "तीन चाय नाय बोललो मी. मी जे बोललो ते बोल." त्याने ते तसंच्या तसं बोलल्याशिवाय काका टपरीवरून हलले नाहीत.

डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असे. डबा उघडला की अर्धा कक्ष खिडक्या उघडायला धावे. पहिल्या आठवड्यातच साहेबांनी "वासाबद्दल" माझ्यामार्फत सूचना दिली. ती काकांना सांगायची माझ्या यादीत होती, मी सांगितली. "बोंबील आत नाय. ऐकलं." त्या दिवसापासून ते जिन्यात बसून जेवत. हवेतल्या वासाच्या तक्रारी नोंदवणाऱ्या कक्षात एवढी एकच तक्रार त्याच दिवशी निकालात निघाली.

आणि त्यांची ती वही. रोज दुपारी चार वाजता कानावरची पेन्सिल काढून ते वही उघडत आणि किनाऱ्यावरच्या गावांची हजेरी घेत. घिवली. चिंचणी. पुढची सगळी. ज्या गावातून त्या दिवशी पडद्यावर काही आलं त्याच्यापुढे काही नाही. ज्या गावातून काहीच आलं नाही त्याच्यापुढे गोल. मग गोल पडलेल्या गावांना फोन. "काय रं, आज गप का? खरंच काय नाय, का टाकलंच नाय?"

रूपाली पंचविशीची, चटपटीत. तिला याची गंमत वाटे. "काका, जे आलं ते मोजायचं सोडून जे नाही आलं ते काय मोजता?"

"आलेलं मशीन मोजतं, बाय. न आलेलं कोन मोजील? वायरलेसवर चाळीस बोटी बोलल्या तर माझं कान त्या एकेचाळिसावीकडं. बोलनारी बोट तरंगत असते."

मी यादी करणारी बाई आहे. आम्ही मूळचे कराडकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे बोईसरला आलो. घरातल्या किराण्यापासून कक्षाच्या नियमांपर्यंत सगळं माझ्याकडे आकडे घालून लिहिलेलं असतं. झालं की बरोबरची खूण. पण न झालेल्याची वेगळी वही ठेवावी हे मला कधी सुचलं नव्हतं. मला ते आवडलं होतं. त्यांना मात्र तसं म्हणून दाखवलं नाही.

शब्दन् शब्द परत म्हणायचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. जिन्यात, डबा बंद करता करता. कुठलीशी बोट लांब अडकली होती. पंप चालत नव्हता, पाणी आत येत होतं. तिचा वायरलेस कमी पल्ल्याचा, म्हणून निरोप मधल्या दोन बोटींमार्फत किनाऱ्याला आला. मधल्या एका बोटीच्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, भल्या मनाने शेवटी स्वतःचे दोन शब्द जोडले: माणसं ठीक आहेत. घरच्यांना घोर नको म्हणून.

"माणसं ठीक हायत म्हनल्यावर हिकडं कोन घाई करतंय? दुपारी निघायची ती बोट संध्याकाळी निघाली. दोघं भेटले. तिसरा नाय भेटला."

"तिसरा कोण होता?"

"माझा मेव्हणा. ताराचा नवरा." त्यांनी डब्याची कडी लावली. "तवापासून आमच्या गावात निरोप बदलत नाय कोनी. आपलं काय घालायचं नाय, त्यातलं काय काढायचं नाय. एकानं सांगितलं की पन्नास जनांनी तसंच्या तसं सांगायचं. मी शिकवलंय तसं."

ताराबाई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मासळी विकून घर चालवलं, तोंडाने फटकळ. मी तिला तेव्हा पाहिलेलं नव्हतं. पण दिवसातून एकदा तिचा फोन येई आणि काका मोबाइल कानापासून वीतभर लांब धरून ऐकत, त्यामुळे आवाज कक्षातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी हा आवाज सकाळी सव्वाआठला आला. त्या वेळी कक्षात फक्त काका आणि मी.

"काशा, खाडीत ये बघायला. पानी लाल काळं झालंय. बोयटी मासळी उलटी पडलीय, खेकडं बाहेर आल्यात. नाकाला पदर लावून उभ्या हाव आमी."

काकांनी घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर पाहिलं. दुपारी दीडनंतर भरतीचं पाणी खाडीत शिरणार आणि जे काय आहे ते धुऊन नेणार. नमुना घ्यायचा तर त्याआधी. दरवर्षी असंच होई. गाव ओरडे, पथक दुसऱ्या दिवशी जाई, बाटलीत स्वच्छ पाणी भरून आणी आणि अहवाल येई: दोष आढळला नाही. एकदा, फक्त एकदा, खराब पाणी बाटलीत भरलं जावं एवढंच त्या गावाला हवं होतं. काकांनी गावाला शब्द दिला होता: तुमी टाका, मी तिथं बसलोय.

त्यांनी फोनवर निरोप सांगितला, सावकाश, दोनदा.

"चिंचणी खाडी. सकाळी सातपासून पाणी लाल काळं. मासे मेले आहेत. नमुना घ्यायला माणूस पाठवा. हे असंच टाकायचं. सगळ्यांनी. ज्याची बोट हाय त्या प्रत्येकानं. आपलं काय घालायचं नाय." पलीकडून कोणीतरी ते परत म्हटलं. काका म्हणाले, "ऐकलं."

नऊपर्यंत बेचाळीस घरांनी टाकलं. ते एकेक करून काकांना फोनवर कळवत होते आणि काका वहीत नाव लिहीत होते. मग ते पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. रूपाली आली होती. पडद्यावर बोईसरच्या एका चौकातला धूर होता, कुठल्यातरी सोसायटीचं तुंबलेलं गटार होतं. चिंचणी नव्हतं.

"काका, मघाशी चार-पाच ओळी दिसल्या," रूपाली म्हणाली. "मी पाणी प्यायला वळले आणि बघते तर नाहीत."

मी पुण्याला अंकितला फोन लावला. तो म्हणाला, "मॅम, फीड एकदम हेल्दी आहे, माझ्याकडे सगळं हिरवं दिसतंय. एकदा रिफ्रेश करा ना." केलं. इंटरनेट बंद करून चालू करा म्हणाला. केलं. लोकांच्या मोबाइलवर ठिकाण दाखवायची सोय बंद असेल म्हणाला. काकांनी लगेच गावात फोन लावून विचारलं, चालू होती. मग अंकित म्हणाला, "मग त्यांनी टाकलंच नसेल, मॅम. गावाकडे लोक म्हणतात टाकलं, पण टाकत नाहीत."

काकांनी ते ऐकलं. परत म्हणून दाखवलं नाही.

दहा वाजता त्यांनी नमुना पथकाला स्वतः फोन केला. पलीकडून एकच प्रश्न आला: क्रमांक काय? साडेदहाला ते साहेबांच्या दारात उभे राहिले. मी मागे होते.

"साहेब, मी हाताने नोंद घालतो. माझं नाव लावा. खोटी निघाली तर काढून टाका मला."

साहेब वाईट माणूस नव्हेत. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याच माणसाने आपल्याच गावची नोंद हाताने घातली, तर उद्या प्रत्येक जण तेच करेल. मग हा पडदा कशाला लावला आपण?"

दीड वाजला. काका जिन्यात बसले होते, डबा न उघडता. दोन वाजता ताराबाईचा फोन आला. या वेळी तो कानापासून लांब धरावा लागला नाही. ती एवढंच म्हणाली, "भरती आली," आणि तिने ठेवला.

पुढचे काही दिवस गावाने त्यांना सोललं. ते बसमधून उतरले की बंदरावरून हाक यायची, "काय काशादा, काय पाठवलं तुझ्या साहेबानं? वारा?" कोणी म्हणे, कारखान्यावाल्यांनी याला वर बसवलाय ते आमचं तोंड दाबायलाच. हे त्यांनी मला हसत सांगितलं. चेहरा हसत नव्हता.

अंकितने फीडची तपासणी केली. अहवाल पाठवला: फीड चालू होतं, त्या दिवशी खंड नाही, चिंचणीहून एकच नोंद आली. एकच नोंद आली होती हेही आम्हाला तेव्हाच कळलं. ती खाडीच्या यादीत नव्हती. मी फीडमधल्या तक्रारींचे वर्ग पाडून दिले होते आणि प्रणालीने ती "कर्मचारी वर्तन" या वर्गात टाकली होती. तो वर्ग आठवड्याने एकदा, तोही थेट साहेब उघडत.

त्याच्या पुढच्या गुरुवारी काकांनी आपली तपासणी केली. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. जेवणाच्या सुट्टीत पडद्यासमोर खुर्ची ओढली, वही मांडीवर घेतली आणि गावात बोटमालकांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. अगदी वायरलेसवर हजेरी घ्यावी तशी.

"टाक आता. चाचणी, चिंचणी, पाणी ठीक. तसंच."

पाऊण मिनिटात ओळ पडद्यावर आली. रूपालीने टाळी वाजवली. काका म्हणाले, "एक. ऐकलं." दुसऱ्याला फोन. दुसरी ओळ आली. तिसरी. चौथी. पाचवी. पाचही एकाखाली एक, एकसारख्या, फक्त नावं वेगळी. मग सहाव्याला फोन केला.

सहावी ओळ आली नाही, आणि पाचही गेल्या. कोणीतरी फडक्याने पाटी पुसावी तसा पडदा कोरा झाला.

"अगं बाई," रूपाली म्हणाली.

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते म्हणाले, "सहावा आला आनि पाच घेऊन गेला. हे मशीनचं नाय. मशीनला कोनीतरी सांगितलंय."

मला तोवर कळलं होतं. मी कपाटातून फाइल काढली. फीड बसवताना अंकितच्या कंपनीने आमच्याकडे नियमांची यादी मागितली होती. ती मी केली होती, अकरा कलमांची, नीट आकडे घालून. कलम सात: एकच मजकूर एका तासात पाचपेक्षा जास्त वेळा आल्यास तो प्रचार समजून सर्व नोंदी क्रमांकांसकट वगळणे.

का घातलं होतं तेही आठवलं. फीडच्या पहिल्याच आठवड्यात एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. भाऊंना शुभेच्छा, भाऊंना शुभेच्छा, दिवसभर पडदा भरून तेच. त्यात बोईसरच्या एका शाळेजवळच्या वायूच्या वासाची तक्रार तासभर सापडली नव्हती. नियम शहाणपणाने केला होता. एकाच आवाजात, एकाच शब्दांत बोलणारी माणसं म्हणजे कोणीतरी पढवलेली माणसं, असं मी धरलं होतं. माझ्या ओळखीच्या जगात ते तसंच असतं.

मी फाइल त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कलम सात बोट ठेवून वाचलं.

"म्हंजे येगळंयेगळं बोलले असते तर पोचलं असतं?"

"हो."

"आनि मी त्यांना एकच सांगितलं."

"काका, नियम माझा आहे."

"नियम तुमचा," ते म्हणाले. "निरोप माझा."

एवढं झाल्यावर मग ती सोमवारची बैठक. विषय एकच: चिंचणीच्या नोंदी कुठे गेल्या. अंकित पुण्याहून म्हणाला, "सर, रूल क्लायंटने दिलेला आहे, आम्ही फक्त लावला." त्याचं खरं होतं. साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. ती एकमेव नोंद.

"त्या दिवशी तुमच्या गावातून खरोखर पोचलेली तक्रार ही एवढीच, पागधरे. आणि ती तुमच्याविरुद्ध आहे. वाचू?"

त्यांनी वाचली. "कशाला बसलाय आमचा काशा त्या हापिसात? सकाळपासून मासं मरतायत, एक मानूस येत नाय." खाली नाव: तारा.

सगळ्या गावात एकटीने त्यांचा निरोप तसाच्या तसा पाठवला नव्हता. वैतागून तिने स्वतःचे शब्द लिहिले होते. म्हणून ते पोचले होते.

मला वाटलं होतं काका चिडतील. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली, बेचाळिसातलं एक नाव शोधून त्याच्यापुढचा गोल खोडला.

मग साहेबांनी निष्कर्ष सांगितला आणि मी लिहून घेतला: "किनारा संपर्क कर्मचाऱ्याने ग्रामस्थांना एकसारखा मजकूर टाकण्यास सांगितल्याने प्रणालीने तो प्रचार समजला. प्रणालीत दोष आढळला नाही."

"साहेब, कलम सात मी—" एवढं मी म्हटलं.

"तो धोरणाचा भाग झाला. पुढच्या बैठकीत घेऊ. लिहा, कलम सातचा पुनर्विचार, पुढील बैठक."

मी लिहिलं. शाई संपलेली नव्हती, हातही दुखत नव्हता. लिहिलं.

वाचून दाखवायची पद्धत आहे, म्हणून वाचून दाखवलं. काका उभे राहिले आणि जसं वाचलं तसं, एक शब्द न घालता, एक न काढता, त्यांनी परत म्हटलं. "...प्रणालीत दोष आढळला नाही. ऐकलं."

अंकितने पुण्याच्या बाजूला आवाज बंद करून ठेवला होता. पडद्यावर तो खाली बघत होता.

कंत्राट फेब्रुवारीअखेर संपत होतं, ते पुढे वाढवलं नाही. कारण लिहायची गरज नसते, कंत्राट संपतं. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ नव्हता. त्यांनी भरती-ओहोटीचं कॅलेंडर भिंतीवरच ठेवलं, वही सोबत नेली. जाताना रूपालीला म्हणाले, "चार वाजता घिवलीला एक फोन करत जा, बाय. ते लोक आपनहून बोलत नाय." तिने आठवडाभर केला. मग तिचं काम वाढलं.

मार्चमध्ये अंकितने न मागता मला एक मेल पाठवला. विषय कोरा. वगळलेल्या नोंदी त्यांच्या यंत्रात नव्वद दिवस राहतात आणि मग कायमच्या पुसल्या जातात, त्याने लिहिलं होतं. पुसण्याआधी या काढून ठेवल्या, बाकी तुम्ही बघा. सोबत एकेचाळीस ओळी. तारीख, मिनिट, नाव आणि तोच मजकूर. काहींना फोटोही होते: लालसर काळं पाणी, त्यात पांढरी पोटं.

मी ते छापलं आणि एका रविवारी बसने चिंचणीला गेले. काय करायला, ते माझ्या यादीत नीट लिहिलेलं नव्हतं. "पागधरे, कागद देणे" एवढंच होतं.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीत काका एका उलट्या टोपलीवर बसले होते, कुत्री हाकलायला हातात काठी. एक ठेंगणी बाई दोरीवरचे बोंबील उलटत होती. बोलायच्या आधीच मी तिला ओळखलं, कारण ती कोणाशी तरी भांडत होती.

"ह्या कोन?"

"हापिसातल्या मॅडम."

"मग उभी का करतोस, बसव. हापिसातल्यांना आमी तरी क्रमांक नाय विचारत."

मी कागद काकांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला. पेन्सिल कानावरच होती. ते एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि प्रत्येकापुढे खूण करत गेले. "हाय. हाय. हाय." ताराबाईचे हात थांबले. बाजूच्या दोरीवरच्या बायकाही थांबल्या. आपलं, आपल्या दिराचं, शेजाऱ्याचं नाव आलं की कोणीतरी मान हलवत होतं. एकेचाळिसावं नाव झाल्यावर काकांनी पानं उलटसुलट करून पाहिली.

"सगळे हजर," ते म्हणाले.

"माझं नाय त्यात," ताराबाई म्हणाली.

"तुझं पोचलं होतं."

"हां. तुला घालवायला." ती पुन्हा बोंबलांकडे वळली. आवाज मऊ झाला नव्हता. "एवढी वर्सं तुझं ऐकलं, काय बदललं नाय. एकदा बदललं तर तुझीच भाकर गेली."

"बरोबर केलंस," काका म्हणाले. "मीच चुकीचं शिकवलं."

मला म्हणावंसं वाटलं की चुकीचं नव्हतं. ते म्हणायला मी तिथे गेले असेन. पण त्यांनी पानं एकावर एक नीट जुळवली, कडा गुडघ्यावर आपटून सरळ केल्या, अगदी मी करते तशा, आणि माझ्याकडे परत धरली.

"हे मला काय करायचं, मॅडम? मला म्हाईत हाय यांनी हाक मारली ते. जिथं नाय तिथं लावा."

"लावते," मी म्हटलं.

"चिंचणीच्या एकेचाळीस नोंदी, जिथं नाय तिथं लावते," ते म्हणाले. माझा निरोप माझ्यासमोर परत म्हणत होते. मग थांबले. ज्या पुढच्या शब्दाची मी वाट बघत होते, तो त्यांनी म्हटला नाही. एक कुत्रं दोरीखाली शिरलं आणि ते काठी घेऊन उठले.

मागच्या तारखेने नोंद घालायला साहेबांची सही लागते. मी टिपण केलं. साहेबांनी "चर्चा करा" लिहून परत पाठवलं. चर्चा केली. त्यांनी कंपनीचं मत मागवलं. कंपनीने लिहिलं की क्लायंटची लेखी सूचना असल्यास हरकत नाही. लेखी सूचनेसाठी कलम सातचा निर्णय आधी व्हायला हवा, आणि कलम सात पुढील बैठकीत आहे. ते प्रत्येक बैठकीत पुढील बैठकीत असतं. अंकितच्या यंत्रातून त्या ओळी कधीच पुसल्या गेल्या असतील. आता त्या फक्त माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहेत, पेन्सिलीच्या एकेचाळीस खुणांसकट.

सोमवारी मी नवीन पान घेते. मागच्या पानावरचं न झालेलं आधी उतरवून घेते, मग नवीन कामं. आज पान घेतलं. किराणा वेगळ्या पानावर आहे. कक्षाच्या पानावर पहिली ओळ गेले कित्येक सोमवार माझ्या हाताला पाठ झाली आहे, न बघता लिहिली जाते, एक शब्द इकडेतिकडे न होता:

१. चिंचणी, एकेचाळीस नोंदी. घालणे.